झिंगूचा डबा

बसा रे जवळ. ही आपल्या डोमा मुकादमाची गोष्ट, खोटी नाही. गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. आरमोरीच्या अलीकडे एका गावात रस्त्याखालून विजेची केबल न्यायची होती.

केबलच्या आधी पाइप पुरतात, त्यातून केबल ओढायला दोरी ओवून ठेवतात. दोरीचं एक टोक डोमाच्या हातात होतं. दुसरं पलीकडच्या पुरुषभर खोल खड्ड्यात, झिंगूपाशी. खूण ठरलेली : दोन झटके म्हणजे ओढ.

दिवस मावळताना बाकीचे चहाला गेले आणि झिंगूवर खड्ड्याचा काठ ढासळला. काळी, ओली माती. डोमा धावत सुटणार, तोच दोरीला दोन झटके बसले. झिंगू जिवंत होता!

पण सकाळी साहेब पाहणीला येणार होता. माणूस गाडला म्हटलं की काम बंद, पोलीस, मुकादमी गेली. अजून संताप येतो मला. डोमानं जेसीबीवाल्या मिथुनला हाक मारली.

"खड्डा बुजवून टाक. आत कोणी नाई."

माती पडत होती तोवर दोरी हलत होती. मग थांबली.

अंधार पडल्यावर झिंगूची बायको गिरजा डबा घेऊन आली.

"भाऊ, आमचे ते कुठी गेले? सकाळपासून उपाशी हायेत."

"मुलचेऱ्याले धाडलं त्याले. येईन रात्री."

"मंग हा डबा ठेवा. आले का देजा."

डोमानं डबा उशाशी घेतला आणि मालाच्या राखणीला तिथेच आडवा झाला.

मध्यरात्री दोरी हलली. माती बसत असेल, असं त्यानं मनाला समजावलं.

दोन झटके.

थोडं थांबून... पुन्हा दोन.

"झिंगू...?"

दोरी ताणली गेली. डोमानं कोयत्यानं ती तोडली. तुटलेलं टोक सरसर पाइपात शिरलं. मग काही नाही...

तो मागे वळला. उशाशी डबा नव्हता.

सकाळी साहेबासमोर केबल ओढायची, तर दोरीच नाही. डोमा नको नको म्हणत असताना दुसरं टोक शोधायला पलीकडचा खड्डा उकरला. झिंगू सापडला. बसलेला. मुठीत दोरी, मांडीवर डबा. पाइप तर मनगटाएवढा, आणि वरची माती दाबून पक्की केलेली.

गिरजा रडली नाही.

"हा डबा मी रात्री डोमाभाऊच्या हाती देल्ला होता," एवढंच म्हणाली.

सगळे डोमाकडे बघायला लागले.

साहेबानं झाकण काढलं. डबा बोटांनी निपटून खाल्लेला होता.