बर्फाची परीक्षा

बबनकाकांची नाक्यावरची बर्फाच्या गोळ्याची गाडी कायमची हटवायची, असं बुवापाड्यातल्या मोठ्यांनी ठरवलं. तिथला गोळा खाऊन गल्लीतली पोरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती आणि मैत्रेयीचा धाकटा भाऊ सोहम तर दवाखान्यात सलाईनवर होता. राग तिलाही आला होता. पण बबनकाका आपल्या नातीलाही तोच गोळा देत. ते जाणूनबुजून घाण विकतील, हे तिला पटेना.

तिची शीलामावशी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिने मैत्रेयीला आणि तिचा मित्र धर्मेशला निर्जंतुक बाटल्या दिल्या. पाण्यात मैल्यातले जंतू असले, की आतली पट्टी काळी पडते, असं समजावलं आणि हात धुतल्याशिवाय बाटलीला शिवू नका, असं बजावलं.

दोघांनी एका बाटलीत गाडीवरच्या पिंपातलं पाणी भरलं, दुसरीत वितळलेला बर्फ. दुसऱ्या दिवशी पिंपाचं पाणी होतं तसंच होतं. बर्फाची बाटली मात्र डांबरासारखी काळी!

"म्हणजे गोची बर्फात आहे," धर्मेश म्हणाला.

बर्फ यायचा उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या कारखान्यातून. बबनकाकांबरोबर दोघं तिथे गेले. मासळीवाल्यांच्या टेम्पोत आणि ज्यूसवाल्यांच्या टेम्पोत एकाच ढिगातल्या लाद्या चढत होत्या. खायचा नसलेला बर्फ निळा रंगवावा लागतो, हे मावशीने सांगितलं होतं. इथे सगळा पांढराशुभ्र! मागे पाहिलं, तर बर्फासाठी पाणी खेचणारा पाइप नाल्याकाठच्या विहिरीत सोडलेला. धर्मेशने गुपचूप फोटो काढले.

मावशीने ते अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना दाखवले. अधिकारी दोघांना सोबत घेऊन तपासणीला आले, तेव्हा मालक कमळाकरशेठ हसले. पोरांचे खेळ आहेत, आपला बर्फ एकदम प्युअर आहे, म्हणाले.

मैत्रेयीने लादीचा तुकडा पेल्यात घालून पुढे केला.

"मग काका, तुम्ही खा ना."

शेठचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. कामगार टक लावून बघत होते.

"माझा... घसा बसलाय," शेठ पुटपुटले.

अधिकाऱ्यांनी शांतपणे नमुने घेतले. प्रयोगशाळेतही तेच जंतू सापडले आणि कारखान्याला टाळं लागलं.

सोहम घरी आला त्या संध्याकाळी मावशीने सगळ्यांसमोर मैत्रेयी आणि धर्मेशला जवळ घेतलं. "आपण मोठ्यांनी आधी आरोप केला," ती म्हणाली. "यांनी आधी तपासलं."

बबनकाकांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. मग ज्यांनी गाडी हटवायचं ठरवलं होतं, तीच माणसं पुढे झाली आणि गाडी ढकलत पुन्हा नाक्यावरच्या तिच्या जागी घेऊन गेली.