कोऱ्या जागेवरची तिरकी रेघ

"काल संध्याकाळी पाचला गठ्ठा याच कपाटात होता," स्वराली गोखले म्हणाली. "त्रेचाळीस कागद. आज सकाळी एकही नाही."

ती विद्यापीठाच्या गेम डेव्हलपमेंट विभागाची प्रमुख. तीन वाजता अभ्यास मंडळाची बैठक होती. नवा अभ्यासक्रम तिनं वर्षभर खपून बांधला होता: पाठांतराचे पेपर कमी आणि दर सत्रात प्रत्येकानं, शिक्षकांनीसुद्धा, एक छोटा गेम स्वतः करायचा. हे बदल का हवेत, ते मुलांनीच निनावी लिहून दिलं होतं. त्या कागदांशिवाय मंडळ ऐकून घेणार नव्हतं.

"सगळे म्हणतात, सरुबाईनं सकाळी रद्दीत घातले."

शिपाई सरुबाई दाराशी उभी होती. नोकरी कंत्राटाची, आज ठपका, उद्या घरी.

"किल्ली कुठे असते?" आम्रपाली साळवेनं विचारलं. कोथरूडला तिचं डिटेक्टिव्हचं ऑफिस होतं.

"माझ्या दारामागे, खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

"मग कुलपाला कशाला त्रास देता?"

सोबत कचरूकाका होते, मार्केट यार्डातले जुने हमाल. आम्रपालीच्या आईनं त्यांना बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकवली. तेव्हापासून आम्रपालीची वही तेच लिहीत. सावकाश.

आम्रपालीनं कपाटामागे घसरलेला, गठ्ठ्यातलाच एक कागद ओढून काढला. अर्धं पान मजकूर: लॅब दुपारनंतर बंद असते वगैरे. खालच्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीची तिरकी रेघ.

"पोरांच्या रेघोट्या," काका म्हणाले.

"एकच आहे, काका. लिहून घ्या."

मग तिनं विभागातल्या एकेकाला कोरा कागद दिला. काल पाचनंतर कुठे होतात, ते लिहा आणि सही करा.

सलिल तासिका तत्त्वावर शिकवायचा, त्याआधी गेम कंपनीत होता. "हातानं लिहायचं? कॉलेजनंतर पेन धरलं नाही हो मी. आणि नवा सिलॅबस आला तर फायदा माझाच आहे, मॅडम." त्यानं एक ओळ लिहिली, सही ठोकली. बाकी पान कोरंच.

स्वरालीनं अर्धं पान लिहून सही केली.

श्यामसुंदर सर सव्वीस वर्षं गणित शिकवून या विभागात आलेले. मऊ आवाजाचे. त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या, सही केली, तिच्या खालून पानाच्या तळापर्यंत रेघ ओढली आणि कागद परत दिला.

"सर, मुलांचा एखादा गेम सुरू करून दाखवता?"

"अहो, नेमका चष्मा घरी राहिला माझा."

काकांचं पेन थांबलं. हेच वाक्य त्यांनी यार्डात तीस वर्षं वापरलं होतं. हातात पावती आली की, 'चष्मा राहिला शेठ, तुम्हीच वाचा.' चष्मा त्यांना नव्हताच कधी. त्यांनी ती मुंगीएवढी अक्षरं पाहिली, सरांचे लाल झालेले कान पाहिले. बोलायला हवं होतं. पण कसं ओळखलं, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी मान खाली घातली.

शेवटी सरुबाई. "लिहायचं काय त्यात? तोंडी सांगते, हात ओले आहेत माझे." काकांनी उतरवून घेतलं. "सहाला झाडून निघाले. रद्दीच्या गोणीत जुनी पोस्टरं होती, दुसरं काही नाही. माझ्या लेकरांची शपथ." तिनं पदरानं डोळे पुसले. काका तरीही गप्पच राहिले.

अडीच वाजता आम्रपालीनं सगळ्यांना बसवलं.

"रद्दीत टाकणारा कागद वाचत बसत नाही. हा कागद कुणीतरी पेन्सिल घेऊन वाचलाय. मजकूर संपला तिथून खाली रेघ मारली, म्हणजे मागाहून कुणी काही वाढवू नये. ही उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची सवय. हात आपोआप चालतो. सलिलनं कोरी जागा तशीच सोडली, स्वरालीनंही." ती वळली. "सर, तुम्ही माझ्याही कागदावर रेघ ओढलीत."

तिनं श्यामसुंदर सरांचा कागद पुढे सरकवला.

"चष्म्याशिवाय इतकं बारीक लिहिणाऱ्याला गेम सुरू करायलाच चष्मा लागला. आणि नव्या अभ्यासक्रमात शिक्षकालाही गेम करायचा आहे."

सरांनी पिशवीतून गठ्ठा काढला. प्रत्येक पानावर तीच रेघ. वरचा कागद त्यांनी स्वतःच वाचला:

"'श्यामसुंदर सर मायाळू आहेत. सरांना गेम करता येत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही लॅबमध्ये काही विचारत नाही.'"

त्यांनी कागद गठ्ठ्यावर परत ठेवला.

"मला वाटायचं, कुणाला कळलेलं नाही," सर म्हणाले. "आणि आज ही बाई माझ्यासमोर रडली, तरी मी बसून राहिलो. स्वराली, गठ्ठा मीच वर बैठकीला नेतो. मंडळाला मीच सांगतो."

काकांचा चेहरा तापला. यार्डातले शेठ पुढे पुढे न विचारताच पावती मोठ्यानं वाचायचे. का, ते आज कळलं.

"काका," आम्रपाली हळूच म्हणाली, "चष्म्यापाशी तुमचं पेन थांबलं होतं."

"हो."

"मग?"

वहीचं पान फाडून काकांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मला कळलं होतं. मी गप्प बसलो. माफ करा.' जिन्यापाशी त्यांनी ते सरुबाईच्या हातात दिलं.

तिनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुम्हीच वाचा की हो, काका. चष्मा घरी राहिलाय माझा."

काकांनी काही विचारलं नाही. कागद परत घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. शेवटचे दोन शब्द मात्र त्यांनी कागदावरून नजर काढून तिच्याकडे बघत म्हटले.