समोरच्या बाईंचं दार

तिला खरं तर समोरच्या बाईंकडे जायचं होतं. जिना चढून धापा टाकत आली, घाईत डावीकडची बेल वाजवली, आणि दार उघडलं ते गालाला निळी शाई लागलेल्या एका तरुणाने. तो आणि समोरच्या बाई, दोघंही कोर्टात शपथ घेतलेले, सरकारी कागदांचे भाषांतरकार. कागद कुणाकडेही दिला तरी चाललं असतं. तिने तो त्यालाच दिला.

या देशात नर्सची नोकरी पक्की व्हायला तिचे सगळे दाखले इथल्या भाषेत हवे होते. शहाण्या माणसाने ते एकदम दिले असते. ही एकेक नेऊ लागली. आधी जन्माचा, मग शाळेचा, मग नर्सिंगचा...

"हा पुसट शिक्कासुद्धा लिहिलात?" तिने एकदा विचारलं.

"लिहावाच लागतो. जे आहे ते सगळं लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही."

"मनाचं... काहीच नाही?"

"कागदावर नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"आता घरातली रद्दीही ने त्याच्याकडे," घरी तिची मावशी हसत म्हणाली.

पण दाखले काही झाडाला लागत नाहीत. शेवटचा, अनुभवाचा दाखला घेऊन ती जिना चढली. आज हा बोलला नाही, तर पुन्हा यायला निमित्त नव्हतं.

त्याने तो वाचला आणि परत तिच्यापुढे सरकवला.

"हा मी नाही करू शकत. समोरच्या बाईंकडे द्या."

तिचा चेहराच उतरला. "का? काय चुकलं माझं?"

"तुमचं नाही हो..." तो उठला, पुन्हा बसला. "आम्हाला बजावलेलं असतं — आपल्या माणसाचे कागद आपण करायचे नाहीत."

"पण मी कुठे तुमची..."

"तुम्ही मला आवडता. फार आवडता. मग यावर सही कशी करू?" त्याने पेनाला टोपण लावलं. "तुम्ही नाही म्हणालात, तर... आत्ता बसून करून देतो."

तिने चटकन कागद उचलला आणि बाहेर पडली. दार मात्र मुद्दाम उघडं ठेवलं. समोरची बेल वाजवली.

बाई चष्मा सावरत आल्या. "अगं, तू तर नेहमी त्याच्याकडे येतेस ना? मग आज इकडे कशी?"

ती मागे वळली नाही. पण आवाज मागे त्याच्या खोलीपर्यंत पोचेल इतका चढवला.

"त्यांना चालत नाही, काकू. आम्ही नात्यातले आहोत."