सृष्टीला प्रश्न विचारणारी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या जावेच्या, कौशल्याच्या बाबतीत घडलेली.

दोन हजार सहाचा नोव्हेंबर. गुरुवारची दुपार. वारज्यातलं एक लहान हॉस्पिटल.

तिची सृष्टी सहा वर्षांची. शाळेत डोकं धरून रडत बसली. मुलीला सांभाळणाऱ्या सुशीलाबाईंनी तिला उचलून थेट इमर्जन्सीत नेलं. कौशल्या हिंजवडीच्या ऑफिसातून धावत पोचली.

"पित्त हाय, बाई. ओकली की मोकळी होती. मी मोरावळा देती की रोज," सुशीलाबाई म्हणाल्या.

कौशल्यानं डॉक्टरांना तेच सांगितलं. पित्त.

"निदान तुम्हीच करून आणलंत. आता मी फक्त सही करतो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी वजन केलं, त्या मापानं दुखण्याचं औषध पाजलं. अर्धा तास पडू दे, थांबलं तर घरी न्या.

सुशीलाबाई चहा आणायला गेल्या. गुरुवारचं लोडशेडिंग... पंखा थांबला.

कौशल्या दाराशी उभी, कानाला ऑफिसचा फोन. कॉटशेजारी एक रिकामं स्टूल.

आणि सृष्टी बोलायला लागली. हळू. कुणी विचारतंय आणि ती उत्तर देतेय, तशी.

"हो... उठल्या उठल्याच."

मग शांतता.

"रोज. ओकलं की थांबतं. आज नाही थांबलं."

शांतता...

"फळ्यावरचं एक अक्षर दोन-दोन दिसतं."

कौशल्याचा फोन कानालाच राहिला. हे रोज सकाळी होतं, दोन-दोन दिसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"नाही सांगितलं. आई उजाडायच्या आत जाते ना."

मग सृष्टीनं स्टुलाकडे मान वळवली.

"तू का नाही सांगितलंस तुझ्या आईला?"

या वेळची शांतता फार लांबली.

स्टूल फरशीवर किंचित सरकलं... कुणी उठावं तसं.

कौशल्या डॉक्टरांकडे धावली. स्टुलाचं बोलली नाही. सकाळचं दुखणं, उलटी, दोन-दोन दिसणं, एवढंच सांगितलं. डॉक्टरांची थट्टा तिथंच संपली. त्यांनी यंत्र लावून सृष्टीच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. पोरगी डावीकडे कलत गेली.

संध्याकाळी स्कॅन. मेंदूत पाणी साठलेलं. तिथून मोठ्या हॉस्पिटलात, ऑपरेशन.

सृष्टी वाचली.

टाके निघाल्यावर एकदा कौशल्यानं तिला कुशीत घेऊन विचारलं, "त्या दिवशी कोण गं विचारत होतं तुला?"

"ती. माझ्याएवढीच. शाळेच्या ड्रेसमधली. तिची आई यायचीय अजून. ती म्हणाली, माझ्या आईला सांगाल का, मी रागावले नाहीये म्हणून."

दुसऱ्या दिवशी कौशल्या वारज्याला गेली. तिथल्या जुन्या नर्स मंदाकिनीताईंना सगळं सांगितलं.

"अशा खूप मुली येतात हो इथं," त्या म्हणाल्या आणि चादरीची घडी घालत राहिल्या. तीच घडी, पुन्हा पुन्हा.

कौशल्यानं कुणाला निरोप द्यायचा, ते आजवर कळलेलं नाही.

ती आई कुठंतरी असेल. तिला अजून वाटत असेल, पोरगी रागावून गेली...