अपिलाची मुदत

मस्कतच्या व्यापारी न्यायालयाचा जिना मी घाईघाईने चढत होते. माझ्यापुढे गेलेला एक तरुण दोन पायऱ्या वर जाऊन थबकला आणि मागे वळला.

"माफ करा... हा बखूर कुठला?"

माझ्या बाहीला बखुराच्या धुपाचा वास लागला होता. "आमच्या घरचा," मी म्हणाले. "पण त्यात काय काय आहे ते विचारू नका. त्यावरूनच आत भांडण चाललंय."

तो हसला. गालाला खळी पडली, आणि मी बघायला नको तितका वेळ बघत राहिले.

भांडण साधं नव्हतं. मी पूर्वी ज्या बखुराच्या कारखान्यात कामाला होते, त्याच्या मालकाचं म्हणणं, मी त्याचीच कृती चोरली. म्हणून मी माझी कृती न्यायालयात मांडावी, त्याचे वकील ती वाचतील. ती तर माझ्या आईची कृती, कागदावर कधीच न उतरलेली. त्यांनी ती वाचली असती, तर मत्रहच्या बाजारातलं माझं दुकान महिन्याभरात बसलं असतं.

न्यायाधीशांनी मधला मार्ग काढला. कृती फक्त एक तटस्थ तज्ज्ञ बघेल, तोही शपथेवर. दोन्ही कृती एकच आहेत की नाहीत, एवढंच सांगेल. तज्ज्ञ उभा राहिला... तोच, खळीवाला! अज्जान, रसायनशास्त्रज्ञ. जिन्यातलं बोलणं त्याने आधीच न्यायाधीशांना सांगून टाकलं होतं. इतका सरळ माणूस, मला रागच आला.

तीन दिवस तो माझ्या कामाच्या खोलीत वही घेऊन बसला. दारात न्यायालयाचा कारकून. मी बखुरासाठी साखर गुलाबपाण्यात शिजवत होते आणि मध्येच त्याचा कॉफीचा कप भरत होते. आमच्याकडे पुरे झालं की पाहुणा रिकामा कप हलवतो. हा हलवेच ना.

पाचव्या कपाला मी म्हणाले, "मत्रहचेच ना तुम्ही? रीत विसरलात?"

"विसरलो नाही," तो वहीतून मान वर न करता म्हणाला.

माझ्याकडून गुलाबपाणी जास्त पडलं.

"हे पण लिहू?"

"लिहा... कुणामुळे झालं तेही लिहा."

निकालाच्या दिवशी त्याने सांगितलं, कृती वेगळ्या आहेत. समोरचे वकील लगेच उठले. वेगळ्या कशावरून? जिनसा सांगा. न्यायाधीशांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"न्यायाधीशसाहेबांना बंद लिफाफ्यात सगळं दिलंय," अज्जान म्हणाला. "माझ्या तोंडून एक जिन्नसही बाहेर पडणार नाही, वकीलसाहेब. उद्या नाही आणि म्हातारपणीही नाही."

न्यायाधीशांनी लिफाफा न उघडताच त्याचा शब्द मानला. दावा फेटाळला गेला. मी आनंदाने रडले, आणि तो मात्र साधा सलाम करून निघून गेला! एक दिवस, दोन दिवस, महिना... फोन नाही, निरोप नाही. मी मनात त्याला हजार नावं ठेवली.

एका सकाळी तो दुकानात उभा.

"अपिलाची मुदत काल संपली," तो म्हणाला. "त्याआधी आलो असतो, तर तुमचा निकाल संशयात आला असता."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"शपथ मात्र जन्माची आहे, जुवैना. एवढं मोठं गुपित पोटात घेऊन फिरतोय... जगात एकाच माणसाशी ते बोलायची मला मोकळीक आहे."

"मग बोला ना."

"आज त्याबद्दल नाही." त्याचे कान लाल झाले. "माझी आई गाडीत बसलीय. तुझ्या आईला भेटायचं म्हणते... तू हो म्हणालीस तर."

मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्याच्याही आधी गाडीकडे धावले.