बारा खोल्यांचं जहाज

सांडोरच्या त्या लग्नात पहिली पंगत बसली होती आणि प्रेमलता मीठ-लिंबू वाढत ओळीनं निघाली होती. ओळीच्या मध्यावर ती थबकली. एक अनोळखी तरुण पानासमोर बसला होता, पण त्याचं लक्ष पानात नव्हतं. खिशातून सुताराची घडीची पट्टी काढून तो आपलं पान आणि शेजारच्याचं पान यांच्यातलं अंतर मोजत होता. शेजारचे म्हातारबाबा बिचारे गुडघा आवरून त्याला मोजू देत होते.

"पान लहान पडलं का?" प्रेमलतेनं विचारलं.

तो दचकला. पट्टी त्याच्या हातातून निसटून थेट केळ्याच्या भाजीवर पडली.

"नाही... म्हणजे... पान छान आहे. वीस इंच."

"आमच्याच वाडीतलं आहे. आम्ही मोजून कापत नाही."

"मोजलं तर बरं असतं. शेजारचं बावीस भरलं."

"मग त्यांच्या पानात जेवा," ती म्हणाली. "मीठ कुठे वाढू? पानावर की पट्टीवर?"

म्हातारबाबांना हसताना ठसका लागला. तो तरुणही हसला, पण कान लाल करून. प्रेमलता पुढे गेली. ओळीच्या टोकाला पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं, तर तो पट्टी रुमालानं पुसत तिच्याचकडे बघत होता. दोघांनीही घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं.

सुभद्राआत्याला गावातल्या प्रत्येक पाहुण्याची माहिती असायचीच. "तो चांदीपच्या मास्तरांचा विद्याधर," तिनं सांगितलं. "पाचूबंदरावर ते अर्धवट जहाज पडलंय ना, त्याचे नकाशे काढतो."

ते जहाज सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या एका हॉटेलवाल्यानं परदेशी पाहुण्यांना समुद्रातून फिरवायला ते बांधायला घेतलं होतं. आत दोन-दोन माणसांच्या बारा खोल्या, पुढे नाचायला गुळगुळीत फळ्यांची जमीन, भिंतीला मोठाले आरसे. सांगाडा झाला, खोल्या झाल्या आणि हॉटेलवाल्याचा उत्साह आटला. दोन पावसाळे जहाज झावळ्यांच्या छपराखाली उभं राहिलं. त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग विरारचे शत्रुघ्नशेठ आले. ते यात्रेच्या बसगाड्या चालवायचे. त्यांनी ठरवलं की, परदेशी पाहुणे राहू देत, आपल्या वाड्यांतली माणसं सहकुटुंब हरिहरेश्वर, गणपतीपुळे करून आणायची, समुद्रातून. शंभर माणसं. जेवण-झोप जहाजावरच.

पण शेठची अट होती. माघी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ते शंभर माणसं घेऊन येणार, जहाज काठावर असतानाच त्यांना जेवू घालणार. मनासारखं झालं तर पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पाण्यात. नाही तर इंजिन काढून घ्यायचं आणि बाकीचं सागवान मोडून विकायचं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी विद्याधर वाडीत हजर झाला. प्रेमलता पानवेलींना पाणी सोडत होती.

"मला पन्नास पानं हवीत. केळीची."

"जेवण कुणाचं?"

"कुणाचंच नाही. मांडून बघायचीत."

"बघायला पानं न्यायला आजवर कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली. "चांदीपला तर समुद्रही नाही. तुम्हाला जहाजाचं काय कळतं?"

"समुद्र नाही म्हणून तर कागदावर काढत बसलो लहानपणी." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुम्ही याल का बघायला? पंगतीतलं तुम्हाला कळतं. मला नुसती पट्टी कळते."

प्रेमलतेच्या वडिलांना, दिवाकरभाऊंना, माणूस सरळ वाटला. पण मुलीला एकटीला पाठवण्याइतका सरळ नाही. म्हणून टांग्यात पानांच्या भाऱ्याबरोबर सुभद्राआत्याही बसली.

जहाजात खोबरेल आणि ताज्या भुशाचा वास होता. व्हिन्सेंटकाका म्हणून म्हातारे सुतार होते, त्या बारा खोल्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी कौतुकानं एक दार उघडलं. आत्यानं आत डोकावून पाहिलं.

"इथे कोण राहणार?"

"दोन मानसं," व्हिन्सेंटकाका म्हणाले.

"दोनच? आणि दार?"

"दार लावून झोपायचं. आतून कडी हाय ना."

आत्यानं प्रेमलतेकडे पाहिलं. प्रेमलतेला हसू आवरेना. "काका, आत्याच्या घरातून यात्रेला अकरा जण निघतील. तीन सुना, त्यांची पोरं, एक विहीण. आमच्याकडे आतून कडी लावून कुणी झोपत नाही. त्यातल्या नऊ जणांनी काय दाराबाहेर उभं राहायचं?"

"झोपायची सोय मी पुढच्या भागात काढतो," विद्याधर घाईनं म्हणाला. "पण जेवणाचं बघा. नाचाच्या जागेत पन्नास पानं बसतात. पहिल्या पंगतीला पन्नास पुरुष, दुसरीला पन्नास बायका. लग्नात तसंच पाहिलं मी."

"दुसरी पंगत पाहिलीत?"

"नाही... तोवर मी निघालो होतो."

"मग अर्धंच लग्न मोजलंत तुम्ही."

प्रेमलता जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं पान समोर ओढलं. "हा तुमचा पुरुष. आता ही बाई बघा. मांडीवर एक पोर, गुडघ्याला टेकून दुसरं, त्याचं पान वेगळं. वीस इंचांत ती मावत नाही. आणि तिची पाळी येते तेव्हा भात गार, पापड संपलेले. लग्नात चालतं, घरचं कार्य म्हणून. समुद्रात जहाज हलतंय, पोटात कालवतंय, आणि आत्यानं तीन वाजेपर्यंत उपाशी बसायचं? एकदा येईल ती. दुसऱ्यांदा नाव काढणार नाही."

"पहिल्यांदाही यायची नाही," आत्या म्हणाली.

विद्याधरनं खिशातून पेन्सिल काढली आणि कानावर ठेवली. मग काढून परत खिशात ठेवली. "सगळे एकदम बसवायचे तर... या खोल्या..."

"बाय," व्हिन्सेंटकाका कष्टी होऊन म्हणाले, "वर्सभर खपलो मी या भिंतींसाठी. तू येऊन घटकेत मोडल्यास."

काकांनी भिंतीवरून हात फिरवला, वर छताकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं. "मोडायच्या कशाला," ते हळूच म्हणाले. "बिजागऱ्या लावतो. दिवसा भिंत उचलून छताला अडकवायची, रातीला खाली सोडायची. ज्याला कडी हवी त्याला कडी, ज्याला गोतावळा हवा त्याला गोतावळा."

विद्याधरनं त्यांना मिठीच मारली. त्यांच्या खांद्यावरून तो प्रेमलतेकडे बघत राहिला, जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ.

मग दर दोन दिवसांनी ताजी पानं लागू लागली. सुकलेल्या पानांवर माप नीट येत नाही, असं विद्याधरचं म्हणणं. आत्या बरोबर असायचीच, पण टांग्यातून उतरली की तिला खारे वारे सोसायचे नाहीत आणि ती मुकाट्यानं सावलीत डोळे मिटून बसायची. खरोखर झोपायची की नाही, ते तिलाच ठाऊक.

"आज पानं मोठी आणलीत," तो म्हणायचा.

"तुम्हीच सगळं मोजता. मला काय, दिसलं ते कापलं."

"सगळं नाही मोजता येत."

"काय नाही येत?"

"ते... सांगेन कधीतरी."

"पट्टी लहान पडत असेल," ती म्हणायची आणि परत जाताना वाटभर स्वतःशीच हसायची.

एक दिवस नकाशांच्या गुंडाळीत तिला निळं पाकीट दिसलं, परदेशी तिकिटाचं. तिनं काही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

"दुबईच्या गोदीचं आहे. नोकरी देतायत. जहाज पास झालं तर शेठ अशीच आणखी दोन बांधणार आहेत, मग मी इथेच. नाही झालं तर... महिनाअखेरीला निघावं लागेल."

"चांगली असेल नोकरी."

"हो. चांगली आहे."

वारा झावळ्यांत सळसळला. प्रेमलतेनं पानं मोजायला घेतली. ती मघाशीच मोजून झाली होती. त्या दिवशी टांग्यात ती हसली नाही, आणि आत्यानं वाटभर तिचा हात हातात धरून ठेवला.

ठरलेला दिवस उजाडला. शत्रुघ्नशेठ वाड्या-वाड्यांतून शंभर माणसं घेऊन आले. भिंती छताला टांगलेल्या, आरशांत खाडीचं पाणी चमकतंय, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार पानं. वालाचं बिरडं, आळूवडी, पुऱ्या, वाफाळता भात. विद्याधरनं नवा सदरा घातला होता, तो उलटा घातल्याचं व्हिन्सेंटकाकांनी वेळेवर दाखवलं.

"बसा मंडळी," शेठ म्हणाले.

पुरुष बसले. बायका मात्र बसल्या नाहीत. त्या कडेला उभ्या राहिल्या, पदर सावरून, पोरं कडेवर घेऊन. कुणी पाण्याची घागर उचलली, कुणी वाढायला बादली घेतली. पुरुषमाणसं जेवल्याशिवाय बसायचं कसं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी सांगायला हवं, हे प्रेमलतेच्याही डोक्यात आलं नव्हतं. जागा मोजली, पानं मोजली, सवय मोजायची राहून गेली.

शेठनं घड्याळ पाहिलं. "विद्याधर, अर्धं जहाज रिकामं आहे हो."

विद्याधरचा चेहरा उतरला. जाणार हा, प्रेमलतेच्या मनात आलं. उद्याच पत्र लिहील. तिनं हातातलं मिठाचं ताट खाली ठेवलं, पंगतीत शिरली आणि सगळ्या पुरुषांसमोर एका रिकाम्या पानावर मांडी घालून बसली.

समोरच्या ओळीत तिचे वडील होते. त्यांची नजर तिच्यावर खिळलेली. तिनं मान खाली घातली. पानाची मधली शीर तेवढी तिला दिसत होती.

एक सावली पानावर पडली. विद्याधर बादली घेऊन उभा होता. त्यानं भात वाढला. त्यातला अर्धा शेजारच्या पानात गेला.

"दिवाकरभाऊ," कुणीतरी कुजबुजलं, "लेक तुमची..."

दिवाकरभाऊ उठले. आपल्या पानावरून उठले, धोतर खोचलं आणि सुभद्राआत्यापुढे जाऊन उभे राहिले. "ती बिरड्याची बादली इकडे दे," ते बहिणीला म्हणाले. "आणि बस तिथे, पोरीच्या शेजारी. चाळीस वर्षं बघतोय, तू गार भात जेवतेस. मला वाटायचं, तुला तसाच आवडतो."

"कुणाला आवडेल, मेल्या," आत्या म्हणाली आणि बसली.

मग तिच्या तिन्ही सुना बसल्या, विहीण बसली, पोरं सांडली पानांवर. भाऊ उठले म्हटल्यावर आणखी चार-सहा पुरुष उठले. त्यांना वाढता कुठे येत होतं. एकाला तीनदा मीठ मिळालं, शेठच्या पानात आळूवडी आलीच नाही. बायका बसल्या जागेवरून हुकूम सोडत होत्या आणि इतकं हसत होत्या की काठावरचे सुतार डोकावून गेले.

शेठ जेवले, हात धुतले आणि काही न बोलता व्हिन्सेंटकाकांबरोबर खाली इंजिन बघायला गेले.

प्रेमलता वरच्या डेकवर गेली. विद्याधर कठड्याशी उभा होता. खाडीवर ऊन पसरलं होतं आणि वाऱ्यानं तिच्या केसांची बट सारखी डोळ्यांवर येत होती.

"काही बोलले शेठ?" तिनं विचारलं.

"नाही. ते गप्प असले की वाईटच असतं."

"दुबईला जाऊ नका."

त्यानं वळून पाहिलं. "पास झालं तर मी राहणारच आहे."

"जहाजासाठी राहणार असाल तर ते तुमचं तुम्ही बघा. मी माझं सांगितलं. पास होवो, मोडो... जाऊ नका."

"मोडलं तर माझ्या हाताला काम नसेल, प्रेमलता."

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. ती पाण्याकडे बघत राहिली. "वाडीत पानं कापायला माणूस लागतो. मोजून कापणारा असला तरी चालेल."

तो हसला. मग हसू थांबवून त्यानं तिच्या डोळ्यांवरची बट हलकेच बाजूला केली. "त्या दिवशी म्हणालो होतो ना, सगळं मोजता येत नाही..."

"सांगा ना मग."

"सांगितलं की आत्ता," तो म्हणाला. बट परत डोळ्यांवर आली. दोघांपैकी कुणीच ती बाजूला केली नाही.

एवढ्यात खालून शेठचा आवाज आला. "विद्याधर, या भिंतींच्या बिजागऱ्या पितळेच्या करून घ्या. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. आणि पुढच्या जहाजाला पहिल्यापासूनच पितळ धरा."

व्हिन्सेंटकाकांनी जिन्यातून डोकं वर काढलं, दोघांना पाहिलं आणि तसंच परत खाली नेलं. "पास झालं," एवढंच त्यांनी खालून सांगितलं.

ती दोघं खाली आली तेव्हा माणसं उतरून वाळूत गप्पा मारत होती. आत सगळं रिकामं होतं. दिवाकरभाऊंनी तेवढी दोन पानं शेजारी शेजारी मांडून ठेवली होती.

"तुम्ही जेवला नाहीत," ते विद्याधरला म्हणाले. "आणि हिनं भाताला हातही लावला नव्हता, मी बघत होतो. बसा."

दोघं बसली. भाऊंनी भात वाढला, बिरडं वाढलं आणि पळी बादलीत ठेवून ते उभेच राहिले.

"दुबईला वाल मिळतात का हो?"

"ठाऊक नाही," विद्याधर म्हणाला. त्यानं प्रेमलतेकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "मी जात नाहीये."

भाऊंनी त्याच्या पानात आणखी एक पळी बिरडं वाढलं.

"मग सावकाश जेवा," ते म्हणाले.