घाटात पडणारा दाब

राजूर घाटात गाडी बंद पडली की माणूस एकतर बॉनेट उघडून आत बघत बसतो, नाहीतर घरी फोन लावतो. आल्हाद मात्र चाकाला दगड लावून दरीचे फोटो काढत होता.

मी बुलढाण्याहून सामान घेऊन मलकापूरला परत निघाले होते. जीप थांबवली ती केवळ धंद्याची सवय म्हणून. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"काय झालं?"

"चढावर दम सोडते. सपाटीवर अगदी शहाण्यासारखी चालते," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या ग्रीस लागलेल्या नखांकडे गेलं. "तुम्ही... मेकॅनिक?"

"नाई, मी हवा खायले आली."

तो हसला. त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते, एक तर थेट भुवईवर. तो काढून टाकावा असं मला वाटलं... आणि मी उगाचच डिकीतला पाना शोधू लागले.

गाडी वळवून उतारानं मलकापूरला आणली. हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे, माझं आणि बाबांचं. बाबांना सगळे इंद्रभान मिस्त्री म्हणतात. ते कानानं इंजिन ओळखतात आणि माझ्या स्कॅनरला 'टीव्ही' म्हणतात. आल्हाद पुण्याचा. सीझनपुरता इथल्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायला आलेला. रविवारी याच गाडीनं त्याला पुण्याला परत जायचं होतं. म्हणजे मी गाडी नीट केली की तो जाणार, इतकं ते सरळ होतं.

"पंप गेला," बाबांनी ऐकताक्षणी सांगून टाकलं.

"पंप गेला असता तं सपाटीवर बी ओरडला असता, बाबा."

डिझेल गाडीत इंधन ठरावीक दाबानं इंजिनात जावं लागतं. इंजिन दाब मागतं, एक छोटा वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, तो कमी-जास्त करतो. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, दोन्ही आकडे स्कॅनरवर शेजारी शेजारी दिसतात. आमच्या अंगणात ते दोन आकडे गुण्यागोविंदानं नांदत होते.

तरी इंजेक्टर तपासून घेतले. चारही इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटल्यांत धरायचं असतं. आल्हाद रोज संध्याकाळी 'सहज' यायचा, त्यामुळे बाटल्या मी त्याच्याच हातात दिल्या.

"धरून उभे राहा. हालू नोका."

"किती वेळ? आयुष्यभर?"

"दोन मिनिटं."

"फारच कमी सांगितलंत."

चारही बाटल्या सारख्याच भरल्या. इंजेक्टर निर्दोष निघाले. माझ्याबद्दल तसं म्हणता आलं नसतं. माझी नजर बाटल्यांवर कमीच होती.

शेवटी शनिवारी सकाळी आम्ही गाडी पुन्हा घाटात घेऊन गेलो. तो चालवत होता, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. खिडकीतून थंड वारा येत होता. त्याच्या शर्टाला सरकीचा तेलकट वास होता आणि तो मला आवडला.

"कंपनी म्हणते, हवं तर मलकापूरलाच कायमचा राहा," तो समोर बघत म्हणाला. "आजच्या आज कळवायचंय."

"मंग?"

"कोणी थांब म्हटलं तर..."

"गेअर टाका," मी म्हणाले. "चढ आला."

त्यानं थांबावं असं मला फार वाटत होतं. पण ज्याचं सगळं घरदार पुण्यात, त्याला आपण कोण थांब म्हणणारे?

तेवढ्यात आकडा पडला. मागणी तिथंच, आणि मिळालेला दाब धाडकन खाली. गाडी आचके देत थांबली.

"पाह्यलं? पंप दमला असता तं दाब हळूहळू उतरला असता. हा एकदम पडला. तार हाय!"

मी इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं आणि वालाकडे जाणारी तार बोटानं हलवली. आकडा पुन्हा पडला. क्लिपच्या आड तार अर्धी कुरतडलेली होती. चढावर इंजिन ओढ घेतं तेव्हा ती ताणली जायची आणि वालाचा करंट तुटायचा.

"गाडी कुठं लावता तुमी?"

"जिनिंगमध्ये. सरकीच्या ढिगाशेजारी, सावलीत."

"उंदरायच्या जेवणावळीत गाडी लावता अन् मले इचारता काऊन बंद पडते!"

परत येऊन मी तारेला नवा तुकडा जोडला, वरून जाड नळी चढवली. घाटात एक फेरी मारून आले. दोन्ही आकडे शेवटपर्यंत बरोबर राहिले. काम चोख झालं होतं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

संध्याकाळी तो आला तोच हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. दारातूनच ओरडला, "इंद्रभानकाका, मी जाऊन राह्यलो!"

"बरं बाप्पा. सांभाळून जा," बाबा म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "जा मंग. टाकी भरून घेजा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "एवढंच? मला वाटलं तुम्हाला... बरं वाटेल."

"जाणाऱ्या मान्साचं मले काऊन बरं वाटन?" माझा आवाज चढला. तो चिरकलाही, हे बाबांच्याही लक्षात आलं असणार.

"जाणाऱ्या? अहो, मी जातच नाहीये! कंपनीला कळवलं सकाळीच, घाटातून आल्या आल्या. आत्ता तेच तर म्हटलं, तुमच्या भाषेत. जायचं राहिलं... जाऊन राह्यलो!"

बाबांचा पेढा घशात अडकला.

"जाऊन राह्यलो म्हंजे जातोय!" मी म्हणाले. "आत्ता, या घडीले, जातोय!"

"अरे देवा!" तो मटकन टायरवर बसला. "मग राहतोय, याला काय म्हणायचं?"

"राहून राह्यलो."

"दोनदा कशाला राहायचं?"

मी हात पुसले. ते स्वच्छच होते.

"एकडाव नोकरीसाठी," मी म्हणाले. "अन् एकडाव... माह्यासाठी."

बाबा उगाचच खाकरत मागच्या शेडमध्ये निघून गेले. आल्हाद उठून उभा राहिला. पुणेरी काही सुचलं नसावं, वऱ्हाडी होकार तेवढा सुचला.

"हाव," तो म्हणाला.

ते मात्र त्यानं अगदी बरोबर म्हटलं.